यॉर्कच, बाथ नाही

मंगळवार, ४ मार्च

मॉयराचा फोन. ती घर सोडून गेल्याला आठ महिने झाले. आजवर फोन आले ते बॉयलरबद्दल किंवा तिच्या नावाने आलेल्या टपालाबद्दल. आज विषय वेगळा. म्हणाली, आपलं दोघांचं रेल्वेकार्ड एप्रिलअखेर संपतंय, एकदाही वापरलं नाही, वाया जाणार.

ते कार्ड लग्नाच्या वाढदिवसाला मीच आणलं होतं. एकाच कार्डावर दोघांचे फोटो. तिकिटात चांगली सूट मिळते, पण दोघांनी एकत्र प्रवास केला तरच. एकट्याला काडीचा उपयोग नाही. तर म्हणे, शुक्रवार ते रविवार कुठेतरी जाऊन येऊ. बाथ किंवा यॉर्क. आमच्या बर्मिंगहॅमहून दोन्हीकडे साधारण सारखाच वेळ लागतो.

मी थंडपणे म्हणालो, डायरी बघून सांगतो. डायरी म्हणजे ही. हिच्यात मार्चभर दाताच्या डॉक्टरशिवाय काही नाही. पण ते तिला कशाला कळायला हवं?

उघड आहे. बाईला पश्चात्ताप झालाय. परत यायचंय, कार्ड हे नुसतं निमित्त. येऊ दे. पण नाक मुठीत धरून येऊ दे. आठ महिन्यांचं उट्टं काढल्याशिवाय मी तिला दाराच्या आत घेणार नाही. मी दयाळू आहे, पण विसराळू नाही.

बुधवार, ५ मार्च

तिला बाथ हवंय. म्हणे, तिथे निवांत वाटतं, गरम पाण्याची कुंडं आहेत, चहाबरोबर ते मोठाले गोड पाव मिळतात. यॉर्क नको म्हणे. तिथे तू मला आगगाड्यांच्या म्युझियममध्ये दिवसभर उभी करशील, आणि वर बोचरा वारा.

झालं. मग यॉर्कच.

बाईने स्वतःच्या तोंडाने मला हत्यार दिलं. शनिवारी म्युझियम, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. प्रत्येक इंजिनासमोर थांबायचं, प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची. तिला घाई झाली की पाटी पुन्हा वाचायची. मग संध्याकाळी नदीकाठी वाऱ्यात फेरफटका. जाताना गाडीत तिला उलट्या तोंडाच्या सीटवर बसवायचं. तिला मळमळतं.

बऱ्याच दिवसांनी भूक लागली. दोन अंडी खाल्ली.

शनिवार, ८ मार्च

शेजारच्या ऑड्रीबाईंनी कुंपणावरून हटकलं. मॉयरा स्वान्सीला बहिणीकडे आहे, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, असं मी त्यांना जुलैतच सांगून ठेवलंय. आज विचारतात, गुडघा अजून बरा नाही का. मी म्हणालो, आता दुसराही बिघडला.

त्यावर म्हातारी म्हणते, "बिचारीला तिसरा नाही ते बरं."

असल्या बोलण्याचा अर्थ मला कळतो. मॉयरा परत आली की तिला हाताला धरून ऑड्रीच्या खिडकीसमोरून तीनदा फिरवून आणणार आहे. आणि त्यांचा कचऱ्याचा डबा आपल्या बाजूला दोन इंच सरकलेला असतो, त्याचाही निकाल लावायचा आहे.

मंगळवार, ११ मार्च

वाटाघाटी. तिने बाथची भुणभुण लावली. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, यॉर्क, नाहीतर काहीच नाही. पलीकडे उसासा.

"बरं बाबा, तुझंच खरं."

एकतीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली. फोन ठेवल्यावर ते मोठ्याने म्हणून पाहिलं. कानाला फार गोड लागतं.

तिच्या दोन अटी होत्या. एक, गाडी जेवणाच्या वेळेआधी पोहोचली पाहिजे. दुसरी, राहण्याचं ज्याने त्याने बघायचं. लाजते आहे. एवढ्या महिन्यांनी एकदम एका खोलीत राहायचं म्हणजे बाईमाणसाला अवघड वाटणारच. मी नदीकडच्या गेस्टहाउसमध्ये डबल रूम घेतली. तिच्यासाठी नाही. सिंगल खोल्या फार कोंदट असतात.

शुक्रवार, १४ मार्च

तिकिटं काढली. टेबलाजवळच्या समोरासमोरच्या सीट. तिची उलट्या तोंडाची. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, दोघांना शेजारी शेजारी देऊ का? मी म्हणालो, मुळीच नाही.

केस कापून आलो. वाढले होते. एक शर्ट घेतला. जुना कॉलरला विरला होता.

बुधवार, १९ मार्च

मॉयरा गेली त्याच आठवड्यात मी कपाटातल्या तिच्या बाजूला माझे मासेमारीचे गळ कोंबले होते. सूड म्हणून. आज काढले. तिथे ओल धरते आणि गळ खराब होतात, दुसरं कारण नाही. कप्पे पुसून घेतले.

बाजारातून ते जाड सालींचं संत्र्याचं मार्मलेड आणलं, तिचं आवडतं. मला ते कडू लागतं. पण घरात असावं.

गुरुवार, २७ मार्च

उद्या निघायचं. सगळी तयारी मनात पक्की आहे. शनिवारी चहाच्या वेळी ती विषय काढेल. डोळे भरून येतील. मी काही बोलायचं नाही. चहाचा घोट घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचं. रात्रभर तिला तळमळू द्यायचं. रविवारी परतीच्या गाडीत सावकाश म्हणायचं, ठीक आहे, बघू. 'बघू'वर जोर.

ऑड्रीबाईंना मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं की मॉयरा आणि मी यॉर्कला चाललोय, मौज म्हणून. त्या म्हणाल्या, छान झालं. आणि फार हळूच म्हणाल्या, फार आशा धरू नका हो. मी हवामानाबद्दल समजलो. छत्री घेतो आहे.

शुक्रवार, २८ मार्च, गाडीत

मॉयरा वेळेवर. नवा निळा रेनकोट. केस आखूड केलेत. बरे दिसतात, पण मी म्हणालो नाही.

उलट्या सीटवर बसली आणि तिला काही झालं नाही. आता गोळ्या घेते म्हणे. उलट माझीच पंचाईत, समोर तीच, बघायचं कुठे? तिने डब्यातून सँडविच काढली. माझ्यात मोहरीची चटणी लावली होती, नेहमीसारखी भरपूर. नाकात झणका गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. चटणीमुळे.

तिकीट तपासनीस बाई आल्या. कार्डावरचे फोटो बघितले, आम्हाला बघितलं, म्हणाल्या, जोडी छान आहे. मॉयरा हसली. हसली, नाही म्हणाली नाही. नोंद करून ठेवतो.

बाई म्युझियमच्या बेतावरही काही बोलत नाही. म्हणाली, तू बघ हो सावकाश. मोडली आहे ती. उगाच फार ताणू नये असं वाटतंय. म्युझियम अर्धा दिवसच करावं का?

त्याच दिवशी दुपारी, यॉर्क स्टेशनातला बाक

घाईत लिहितो.

फलाटावर एक माणूस उभा होता. उंच, पांढरी दाढी, तपकिरी कुत्रं. मॉयराने हात केला. कुत्रं तिच्या अंगावर असं उडी मारून आलं की त्यांची जुनी ओळख आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. नाव ॲलिस्टर. शरद ऋतूत कुठल्याशा गाण्याच्या शिबिरात त्यांची ओळख झाली. यॉर्कला त्याचं घर आहे. ती तिथे राहणार आहे. राहण्याचं तिने बघितलेलं होतं.

त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. मनापासून. त्याला वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

"ग्रॅहम, तुमचे फार आभार. मी म्हणत होतो तिकीट मी काढतो. तर ही म्हणाली, कशाला? मी बाथ म्हणते, म्हणजे ग्रॅहम आपणहून यॉर्क म्हणेल."

आणि हसला. मग मॉयराचा चेहरा बघून थांबला आणि कुत्र्याचा पट्टा सोडवत बसला.

मी तिला विचारलं, हे खरं आहे का. ती म्हणाली, "सरळ सांगितलं असतं तर तू कार्ड फाडून टाकलं असतंस. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारा माणूस तू. मी एकतीस वर्षं तुझ्या नाकाला पट्ट्या बांधल्या, ग्रॅहम. दमले."

मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, रविवारी गाडीवर भेटू. ॲलिस्टरने जेवायला बोलावलं. मी म्हणालो, माझी माणसं थांबली आहेत. त्याने विचारलं, कुठे? म्हणालो, म्युझियममध्ये.

शनिवार, २९ मार्च

म्युझियम. उघडल्यापासून बंद होईपर्यंत. प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. ठरलं होतं ते ठरलं होतं. एका हिरव्या इंजिनापाशी पहारेकऱ्याने पाणी हवं का विचारलं.

वाफेच्या इंजिनांसमोर डोकं चांगलं चालतं. तिथेच सुचलं. कार्ड माझ्या खिशात आहे. तिच्याजवळचं सवलतीचं तिकीट घेऊन ती उद्या गाडीत बसेल. माझ्याशिवाय आणि कार्डाशिवाय. मी दिसणारच नाही. तपासनीस येईल, कार्ड मागेल, आणि सगळ्या डब्यादेखत बाईसाहेबांना दंड. मी शेजारच्या डब्यात बसून दाराच्या काचेतून बघणार. फोनही बंद केला. शोधू दे.

जशास तसं. रात्री डबल बेडच्या मधोमध झोपलो, दोन्ही उशा घेऊन.

रविवार, ३० मार्च, परतीच्या गाडीत

गाडी सुटायच्या वेळेपर्यंत खांबाआड उभा राहिलो. मग शेजारच्या डब्यात चढलो. काचेतून आमचं टेबल नीट दिसतं. दोन्ही सीट रिकाम्या. म्हटलं, धावतपळत येईल, पुढच्या दाराने चढेल. शेफील्ड आलं. सीट रिकाम्याच. एक बाई तिथे पिशव्या ठेवून बसली.

फोन सुरू केला. काल दुपारचा निरोप. 'मी बुधवारपर्यंत इथेच राहते. मग ॲलिस्टर गाडीने सामान न्यायला येईल, तुला चालेल ना? कार्ड तुझ्याकडे आहे, पण एकट्याला चालायचं नाही, जपून. म्युझियम आवडलं का?'

चार वेळा वाचला. शेवटी तपासनीस आलीच. शुक्रवारचीच. मला ओळखलं, हसली. मी तिकीट आणि कार्ड पुढे केलं. दुसऱ्या बाई कुठे, विचारलं. म्हणालो, टॉयलेटला गेल्यात. म्हणाली, सावकाश येऊ द्या, मी पुढे जाऊन येते.

ती पुढे जाऊन आली.

"बाई आल्या नाहीत अजून, काका?"

"नाही," मी म्हणालो. "ती येणार नाही. जुलैपासूनच नाही."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑड्रीला नाही, इथेही लिहिलं नाही. तपासनीस कार्डाकडे बघत उभी राहिली. मी पाकीट काढलं. पूर्ण भाडं, वर दंड, नियम मला पाठ आहेत. तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं.

"राहू द्या काका. मी तुम्हाला पाहिलंच नाही."

आणि गेली. दंड घेतला असता तर वाद घातला असता, वरपर्यंत तक्रार नेली असती, निदान उन्हाळाभर पुरलं असतं. पोरीने काहीच घेतलं नाही. आता राग धरायला कुणी सापडत नाही. ॲलिस्टरवर धरून बघितला. त्याने जेवायला बोलावलं होतं.

मागची पानं चाळली. उट्टं, निकाल, दंड, सूड. खरं ते एकाही पानावर नाही. मला ती परत हवी होती. एवढंच हवं होतं. तिने एकदा नीट विचारलं असतं तर मी बाथलासुद्धा गेलो असतो.