मावशीला सांगायचं राहिलं होतं

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. तू असतानाही मी तुला पत्र लिहिलं नव्हतं, कारण आपल्या घरी फोन होता. आण्णा फौजेतून रिटायर होऊन गावी आले आणि त्यांनी खटपट करून फोन घेतला. पलूसच्या बाजूला आपलं गाव, आणि अख्ख्या आळीत तो एकच फोन. गल्लीतल्या प्रत्येकानं आपला नंबर पाव्हण्यारावळ्यांना देऊन ठेवलेला. घंटी वाजली की तू हातातलं टाकून उठायचीस. "धा मिनटानं परत करा, बलावून आणती," असं ओरडून सांगायचीस आणि पदर खोचून निघायचीस. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा मुलगा सुट्टीवर निघाला, सगळ्यांच्या बातम्या आधी तुझ्या कानात यायच्या.

त्या दिवशी तू मागं परड्यात धुणं वाळत घालत होतीस. मी आठवीत असेन. फोन मी उचलला. कोयनानगरहून होता. आपल्या शेजारच्या काकूंचा भाऊ तिथं धरणावर कामाला होता, तो सकाळी गेला. फोन करणारा घाईत होता. मीही घाईत होते. मोठ्या माणसाचं काम आपल्याला मिळालं, याचा मला आनंदच झाला होता, हे आता सांगायला लाज वाटते. मी पळत गेले आणि दारातूनच ओरडले, "काकू, तुमचा भाऊ वारला, आत्ता फोन आलावता." काकू भाकरी थापत होत्या. त्या तशाच बसून राहिल्या, पिठाचे हात वर धरून. तव्यावरची भाकरी करपत गेली तरी त्यांनी ती उलटली नाही. काय करायचं ते मला कळेना, मी दारात उभीच.

तेवढ्यात तू आलीस. तू पहिल्यांदा तवा उतरवलास. मग काकूंचे हात धुतलेस, लहान मुलाचे धुवावेत तसे. नंतर त्यांना कवेत घेतलंस, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. मग त्यांची पिशवी भरायला जायच्या आधी तू मला चुलीपाशी बसवलंस. मारशील असं वाटलं होतं. तू मारलं नाहीस.

"आसं सांगत्यात व्हय गं?" तू म्हणालीस. "तिच्या हातात काय हाय ते तरी बघायचंस. आदी बसवायचं मानसाला. तब्येत लय बिघडलीया म्हनायचं, चला जाऊन येऊ म्हनायचं. वाटंत तिचं तिला उमगतंय."

"पण ते खोटं झालं की."

"व्हय, खोटंच. मग?"

तू काकूंबरोबर कराडला जाऊन कोयनेची एस.टी. धरलीस आणि तिसऱ्या दिवशी परत आलीस. तोवर आण्णांनी आणि मी कच्च्या भाकरी खाल्ल्या.

आता निरोप द्यायला कुणी कुणाकडं जात नाही. लग्नाची पत्रिका फोनवर येते, खाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. पूर्वी हे वाक्य लांबच्यांसाठी असायचं. आता इथं सांगलीत वरच्या मजल्यावरच्यांनाही तेच. हळदीकुंकू लावून अक्षत द्यायला येणाऱ्या बायकांना चहा करण्याचा मला कंटाळा यायचा. त्या येईनाशा झाल्या तेव्हा बरंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही वाईट वाटत नाही. नुसता थकवा येतो. दिवसभर फोन टुणटुण वाजतो आणि त्यातलं एकही बोलणं माझ्याशी नसतं.

गेल्या महिन्यात मामा गेला. तुझा धाकटा भाऊ, फलटणचा. मला ते घरच्या ग्रुपवर कळलं. हार घातलेला फोटो, त्याखाली हात जोडल्याची चित्रं, मध्येच कुणाचं तरी सुप्रभात आणि गुलाबाचं फूल. मीही हात जोडले आणि कुकरखालचा गॅस बारीक करायला उठले. तासाभरानं पलूसहून मावसभावाचा फोन आला.

"ताई, आईला अजून सांगितलं न्हाई. माझ्यानं हुईना झालंय. तू ये की, तुझं ऐकती ती."

सांगलीहून पलूस किती लांब आहे, तुला माहीत आहे. तासाभराचा रस्ता. पण दुपारचे दोन वाजले होते, ऊन होतं, गुडघे दुखत होते. मी म्हणाले, "व्हिडिओ कॉल लाव, मी इथूनच सांगते."

मावशी आता ऐंशीची झाली. पडद्यावर कुठं बघायचं ते तिला कळत नव्हतं. मी विचारलं, "जेवलीस का गं?" त्यावर तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "तुजं त्वांड आसं का दिसतंय? कोन गेलं?" मामाची तब्येत बिघडलीय, असं मी सांगायला लागले, पण तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "गेला व्हय माजा भाऊ," म्हणाली. फोन तिच्या हातातून गादीवर पडला. मला फक्त छताचा पंखा दिसत होता आणि तिचं रडणं ऐकू येत होतं. तुझंच रडणं वाटावं इतका आवाज सारखा. मी दोन-तीनदा हाक मारली. मग फोन बंद झाला.

दहाव्याला फलटणला भेटलो. मावशीनं मला शेजारी बसवून घेतलं, माझा हात मांडीवर धरून ठेवला. "त्या दिशी मी फोन उचलून बघितला तर तू न्हवतीस," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मी म्हणाले, "रेंज गेली गं." तिनं मान हलवली. तिला ते पटलं, निदान पटल्यासारखं तिनं केलं.

हे वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पान फाडून कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. मावशीला सांगायचं धाडस नाही, म्हणून तुला सांगते. रेंज होती, आई. फोन मीच बंद केला.