एक हितचिंतक

मुलुंड (पूर्व),
२२ ऑगस्ट १९८७

प्रिय रेमंड,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण तुझं नाव निघालं की अजून घावण्यांचं पीठ भिजवायची भाषा करते. तू परदेशी जाऊन दोन वर्षं झाली, हे तिच्या गावीही नाही.

उत्तराला उशीर झाला. मंडळाची स्मरणिका यंदाही माझ्याच गळ्यात आहे. मलपृष्ठाची जाहिरात आपल्या कंपनीची, कमान बँकेची, उद्घाटनाला नगरसेवक. तू लिहिलं होतंस ना, मुलुंडला असं कधी होईल? होतं रे. गणपतीसाठी होतं.

तुमच्या मिरवणुकीतला तुझा फोटो मिळाला. एवढी माणसं भर रस्त्यात, भर दुपारी! गेल्या वर्षीपर्यंत तोंड फिरवणारा मेयर यंदा सर्वांत पुढे चालतोय, आणि बँकेनं स्वतःहून कापडी फलक दिलाय, हे मी चार वेळा वाचलं. तू फलकाची एक काठी धरून हसतोयस. इकडे तू असा कधी हसला नाहीस, निदान माझ्यादेखत तरी नाही. मला आनंद झाला आणि लगेच तुझा रागही आला.

फोटो लपवायला हवा होता, पण तो आईच्या हाती लागला. ती म्हणाली, "रेमंडाच्या देवळाची जत्रा दिसता. मेयर पण इलो हा!" मी हो म्हटलं. तिनं तो शोकेसच्या काचेत खोचला आणि आल्यागेल्याला दाखवू लागली. तीन आठवडे तू आमच्या घरात मेयरसोबत उभा होतास. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या रविवारी कुंडलिक, आमच्या मंडळाचा चिटणीस, प्रूफं घेऊन आला. त्याला इंग्रजी येतं. फलकावरची अक्षरं त्यानं एकेक करून वाचली आणि माझ्याकडे वळला.

"काय रे, हा तुझा दोस्त तसला आहे?"

"असेल. माझा काय संबंध? कंपनीत होता, बस."

तूच सांगितली होतीस ना चर्चमधली ती गोष्ट, कोंबडा आरवायच्या आत आपल्या गुरूला तीनदा नाकारणाऱ्याची? मला एकदाच विचारलं. एकदाच पुरलं.

कुंडलिक गेल्यावर आईनं फोटो काढून माझ्या हातात दिला. "जत्रा न्हय, तर मग मेयर कित्याक इलो?" तिला खरंच कळत नव्हतं. मी फोटो पाकिटात घातला, रेमंड.

आता जे लिहायचं टाळत होतो, तेही लिहितो. तुळशीचं लग्न झालं की माझं आहे. मुलगी घाटकोपरची, उत्तरा नाव. साखरपुडा जुलैतच झाला, तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या रविवारी. ती चांगली आहे, मोकळं हसते. वाईट असती तर बरं झालं असतं. मी तिची वाट लावणार आहे, हे मला कळतं आणि तरीही मी पत्रिकेचे नमुने बघतोय.

आणखी एक. स्मरणिकेचं शेवटचं पान तुला आठवतंच. ज्या देणगीदाराला नाव नको, त्याचं "एक हितचिंतक" म्हणून छापतात. आपण दोघं सहा वर्षं तिथे एकाखाली एक होतो. तू म्हणायचास, आपलं लग्न छापून आलंय, फक्त कुणाला वाचता येत नाही. तू गेल्यावरही मी दोन्ही ओळी देत राहिलो. कुंडलिक दरवर्षी म्हणायचा, हे चुकून दोनदा पडलंय, आणि दरवर्षी मी भांडायचो, "चूक नाही, दोन माणसं आहेत."

गेल्या रविवारी निघताना त्यानं तेच म्हटलं आणि लाल पेन पुढे केलं. मी भांडलो नाही. एक ओळ खोडली. वरची की खालची, ते मलाही सांगता येणार नाही. दोन्ही सारख्याच होत्या.

मी तिकडे यावं म्हणून तू पाठवलेला फॉर्म सोबत परत पाठवतोय, कोराच. पुढच्या जूनमध्ये तुझ्या शेजारी चालायला कुणी दुसरा बघ. फोटो मात्र परत मागू नकोस. आणि पत्र पाठवू नकोस. आलं तर मी उघडीन.

"तुझा" म्हणायचा हक्क मी घालवला, म्हणून नुसताच

एक हितचिंतक