साडेअकरा मीटर, दोन भिंती

४ फेब्रुवारी

नापास! तेही शिकवता येत नाही म्हणून नाही – दिसत नाही म्हणून! चाळीस मिनिटांच्या ऑनलाइन चाचणी वर्गात लॅपटॉपवरचं माझं चित्र सात वेळा अडकलं. सातव्या वेळी म्हणे मी तोंड उघडं, कात्री हवेत, अशी जी थिजले ती थिजलेच.

शिवणसंस्थेच्या बाई तशा भल्या. "तुमच्या हाताबद्दल शंका नाही हो. पण कात्री कुठून फिरली ते मुलींना दिसायला नको का? एकोणीस तारखेला पुन्हा घेऊ. तेव्हाही असंच झालं तर मात्र आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." वर सल्ला – राउटर आहे त्या पुढच्या खोलीत बसून घ्या ना.

पुढच्या खोलीत! कापायचं टेबल मागे, मास्तर मागे. मी पुढे बसून काय हवा कापू?

५ फेब्रुवारी

तीस वर्षं ह्यांच्या हाताखाली कोट शिवले, म्हणून नवरा असूनही माझ्या तोंडी 'मास्तर'च. अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले. उजवा हात गेला. वाचा आहे असं डॉक्टर म्हणतात. "जीभ ठीक आहे, मनात आलं की बोलतील." मनात येत नाही. मान हलवून हो-नाही, बस्स. दिवसभर भिंतीकडे तोंड.

पण टेबलावर कात्री चालली की मान जराशी वळते. मी पाहिलंय! भास नाही. म्हणून टेबल तिथून हलणार नाही आणि मीही. वर्ग मिळाला नाही तर एवढं मोठं टेबल ठेवून काय करायचं, असं भाचा आत्तापासूनच म्हणायला लागलाय. टेबल गेलं तर त्या खोलीत उरेल काय – खाट नि औषधं.

६ फेब्रुवारी

भाचा आला. संगणकाच्या ऑफिसात आहे, त्यामुळे जगातलं सगळं कळतं त्याला. त्याचा फोन आमच्याच वायफायवर टेबलापाशी धरून बघितला – व्हिडिओ धडधडीत चालू! माझा लॅपटॉप त्याच जागी आचके देतोय. म्हणजे दोष भिंतींचा नाही, राउटरचा नाही, ह्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा. "मामी, याचं वायफायच जुनाट आहे. नवा घे."

घेते! टेप काढली. राउटरपासून टेबलापर्यंत साडेअकरा मीटर. मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट. लिहून घेतलं. भाचा हसला. "मामी, लॅपटॉपचं माप कुणी घेतं का?"

मी घेते.

८ फेब्रुवारी

काय दिवस होता!

दुकानातली विक्रेती हुशार पोरगी, पण पाठ केलेलं बोलत होती. भाच्याची नजर एका चकचकीत, कागदाएवढ्या पातळ लॅपटॉपवर. "वजन तर बघ मामी!" मी म्हटलं, वजन काय करायचंय, मी तो अंगात घालणार आहे का? मग पोरीला सांगितलं – बाळा, आरशासमोर उभं राहून प्रत्येक कोट छानच दिसतो. गिऱ्हाइकाला हात वर करायला लावायचा. काखेत ओढला की कळतं.

पर्समधून टेप काढली! दुकानाच्या राउटरपासून दोन भिंती ओलांडून गोदामात गेले. साडेअकरा मीटरवर खडूची रेघ मारली. काउंटरवर भाचा फोन घेऊन उभा, मी एकेक लॅपटॉप व्हिडिओ कॉल चालू ठेवून गोदामात नेणार. वाटेत लोखंडी रॅक होतंच, कपाटाच्या जागी.

चकचकीत सुंदरी दुसऱ्या भिंतीलाच मान टाकून मोकळी. दुसरा रेघेपर्यंत पोचला, पण भाचा तुकड्यातुकड्यांत बोलायला लागला. तिसरा जाडजूड, काळा, कुणी ढुंकून न बघणारा – रेघेवर हलेना, डुलेना! मी आणखी पुढे गेले, पार मागच्या दारापर्यंत. भाचा पलीकडून ओरडतोय, "मामी, दिसतेयस! अगं, पुरे!" पोरगीही आता मजेत आली होती. म्हणाली, "काकू, ह्याचं वायफाय नव्या पद्धतीचं आहे, अँटेनाही बरे. आम्ही हे सांगतो, पण असं कुणी चालून बघितलं नव्हतं."

काळोबा घरी आला.

९ फेब्रुवारी

टेबलापाशी चालतो. खाटेपाशी चालतो. न्हाणीघरातही चालतो, तिथे काही गरज नाही तरी. मास्तरांना दाखवला. भिंतीकडे वळले.

१४ फेब्रुवारी

भाच्याला धरून तासभर सराव. एकदाही अडकलं नाही! मखमलीचा कोट दाखवायचं ठरवलंय. करायचं तर दणक्यात!

१९ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

चित्र स्वच्छ! बाई नि बारा मुली, कुणी एका अक्षरानेही तक्रार केली नाही. मी रंगात आले. मखमल दुहेरी घडी घालून कापत नाहीत, सरकते. एकेक बाही वेगळी आखायची आणि दुसऱ्या बाहीला कागदाचा नमुना पालथा ठेवायचा. हे मी झोपेतही करीन. पण आज टेबलाकडे बघायचं सोडून लॅपटॉपच्या पडद्यावर स्वतःलाच बघत होते – काय करणार, दिसतच इतकं छान होतं! आणि पडद्यावर सगळं आरशासारखं उलटं. तिथे मला सुलटा नमुनाही पालथा ठेवलेलाच दिसला. मी तसाच आखला. कात्री उचलली.

"दोन्ही डाव्या!"

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. मी वळले. मास्तर कोपरावर उठून टेबलाकडे बघत होते. घोगरा, जाड आवाज, पण तोच – दुकानभर ऐकू जायचा तो. "दोन्ही बाह्या डाव्या आखल्यास! गिऱ्हाइकाला काय दोन डावे हात आहेत?"

मी टेबलाला धरून रडले. बारा मुलींसमोर. आणि हा मेला काळोबा एवढ्यातही अडकला नाही, सगळं जसंच्या तसं पलीकडे पोचलं!

बाईंनी जरा वेळाने हळूच विचारलं, "मागे कोण बोललं हो?"

म्हटलं, मास्तर.

२० फेब्रुवारी

बाईंचा फोन. वर्ग आपला! चुकीच्या बाहीची आखणी मुद्दाम तशीच ठेवलीय, तो तुकडा भिंतीवर टांगणार.

२६ फेब्रुवारी

पहिला वर्ग. मास्तरांनी घेतला – खाटेवर बसून, मांडीवर फळी, डाव्या हातात खडू. मी तासभर काळोबाला धरून उभी. नीट धरत नाही म्हणून मला दोनदा ओरडले!