षट्कोनी टेबल काचेत ठेवू नये

मी, पुंजाराम सांडू पांचाळ, वय ७८, शिक्षण चौथी (उर्दू माध्यम), धंदा सुतारकाम, राहणार गुलमंडी, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. नजर अधू झाली आहे, बुद्धी नाही. मजवर कोणाचा दबाव नाही. कोणी आणून पाहावा.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा बद्रीनाथ व सून आशाबाई यांस समान द्यावी. माझा शागीर्द इब्राहीम यास करवती व रंधे द्यावेत. धार त्याने स्वतः लावावी.

२. सागवानी टेबलावर मात्र वरीलपैकी कोणाचाही हक्क नाही. कारण नमूद करतो.

मी कॉलेजचा पगारी मिस्त्री होतो. प्राचार्य नानासाहेब यांच्या हुकुमावरून गणिताच्या वर्गात मी एक फूट उंच व्यासपीठ बांधले. सन १९७४ मध्ये सिल्लोडच्या फहमिदा मॅडम शिकविण्यास आल्या. त्या व्यासपीठावर चढेनात, मुलांत बसत. मला म्हणाल्या, "चाचा, ये तोडो. इसके टेबलां बना देव, चारों तरफ बच्चे बैठने के." हातचे काम, जीव हळहळला. तरी तोडले.

त्याच सागवानाच्या पहिल्या टेबलाचे सहा कोन आखताना परकाराचे अंतर न बदलता तो वर्तुळावर फिरविला. सहाव्या पावलास तो आरंभाच्या खुणेवर नेमका येतो. मुलांनी विचारले, का? मी म्हणालो, "ठाऊक नाही. उस्तादांनी असेच शिकविले." मॅडमना ठाऊक होते, परंतु त्यांनी सांगितले नाही. म्हणाल्या, "चाचांना तुम्ही समजवा. त्यांनी मान डोलावली की पुढचा धडा."

दोन दिवस मुलांनी सूत्रे म्हटली. मी मान डोलावली नाही. तिसऱ्या दिवशी करमाडची आवडा, जी वर्गात कधी तोंड उघडीत नसे, माझ्याच भंगार लाकडाचे, परकाराच्या मापाचे सहा त्रिकोण कापून घेऊन आली. "काका, तिन्ही बाजू सारख्या हायती, व्हय ना? मंग कोनबी सारखे. असे सहा जोडले की फेरा पुरा. फट हाय का, बोट घालून बघा."

बोट घातले. फट नव्हती. मान डोलावली.

त्याच दुपारी विद्यापीठाची समिती आली. सर्व बसलेले, मी एकटा उभा. एका सदस्याने मला नमस्कार करून फळ्यावरील 'सहाच का?' या प्रश्नाचे उत्तर विचारले. मी तुकडे मांडून सांगितले. ते म्हणाले, "वा, प्राध्यापक!"

नानासाहेब ओरडले, "अहो, तो चौथी पास सुतार आहे!"

"मग ह्यांना शिकवलं कोणी?"

मी आवडाकडे बोट दाखविले.

समिती तासभर हलली नाही. तिच्या शिफारशीवरून पुढील वर्षी प्रत्येक वर्गातील व्यासपीठ निघाले. सर्व मी तोडली.

३. कॉलेजच्या स्मरणिकेत ही सुधारणा नानासाहेबांची म्हणून छापली आहे. ते असत्य आहे. व्यासपीठाचा एक तुकडा मी राखून ठेवला आहे, तो नानासाहेबांस पाय ठेवण्यास द्यावा. एक फूट उंचीची त्यांना आवड आहे.

४. सदर टेबल मी कॉलेजच्या लिलावात घेतले. आता नानासाहेबांचे नाव कोरून ते काचेत ठेवण्यासाठी कॉलेज परत मागत आहे. देऊ नये. ते व परकार प्रा. आवडाबाई यांस द्यावेत; त्या आज त्याच वर्गात शिकवितात. टेबलावर रोज खडू चालावा. काचेत गेल्यास बद्रीनाथने उचलून करमाडच्या शाळेत न्यावे. व्यवस्था फहमिदा मॅडमनी पाहावी.

५. तेराव्यास भाषण नको. टेबलाभोवती बसावे. नानासाहेब आल्यास त्यांनाही खुर्ची द्यावी, इतरांच्याच उंचीची, आणि विचारावे, सहाच का? त्यांनी पाठ केलेले म्हणून दाखविल्यास आवडाने मान डोलावू नये.

यापूर्वीचे मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व अखेरचे.

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: ९ फेब्रुवारी २००४

(सही) पुंजाराम सांडू पांचाळ

पुंजाराम यांनी आम्हां दोघांसमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष. यात आम्हांस काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) काकासाहेब विठोबा गाडेकर
२. (सही) हैदर खान इस्माईल खान