तुझ्या जागी नाचले, वहिनी

प्रिय वहिनी,

आज संध्याकाळी आपल्या प्राचीचं लग्न! घरभर पाहुणे, न्हाणीघरापुढे रांग, दादा फोनवर कुणाला तरी नेरूळ स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं ते तिसऱ्यांदा सांगतोय, आणि मी साडी नेसायची सोडून आतल्या खोलीत तुला पत्र लिहायला बसलेय. गुडघा उशीवर, त्याला बाम चोळलेला. का म्हणून विचार ना! अगं, काल हळदीत मी नाचले!

हो, मीच. तुझी नणंद सुनंदा. शाळेत मराठी शिकवणारी, रील बनवणाऱ्या पोरींचे मोबाइल कपाटात कुलूपबंद करणारी. काळा गॉगल लावून, पहिल्या रांगेत, तुझ्या लेकीच्या शेजारी! खोटं वाटतंय? मलाही सकाळपासून वाटतंय, पण गुडघा साक्षीला आहे.

तुला गंमत वाटत असेल. कुठलंही नवं खूळ मार्केटात पोचायच्या आत तुझ्याकडे आलेलं असायचं. नवरात्रात मासळीला गिऱ्हाईक कमी, तरी तुम्ही सगळ्याजणी रोज त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून ओट्यावर बसायचात. मी एकदा विचारलं होतं, "कोळंबीला काय कळतंय गं, आज हिरवा की निळा?"

तू कोयत्यावरची नजर न काढता म्हणालीस, "कोलंबीला नाय कलत. शेवंतीला कलतं. नवरा गेल्यापासून घराभायेर येत नव्हती ती. आता रंगासाठी येते."

मी हसले होते. ऐकलं मात्र नव्हतं.

आणि तुझ्या लेकाच्या, निलेशच्या हळदीत? तू घरातल्या सगळ्या बायकांसाठी एकाच मोरपंखी रंगाच्या साड्या आणल्यास. माझी साडी तू स्वतः उलव्याला माझ्या घरी आणून दिलीस. मी हळदीला आले ती माझ्या करड्या सुती साडीत. वर चारचौघींत म्हणाले, "या वयात असले थेर शोभतात का?" तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोटोसाठी मला मध्ये ओढून घेतलंस. का नाही गं भांडलीस? चांगलं झापायचं होतंस मला! अजून दादाच्या हॉलमध्ये तो फोटो आहे. बावीस मोरपंखी बायका आणि त्यांच्यात मी, तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

तुझ्या आजारपणातही त्याबद्दल माफी मागायची राहिली. रोज वाटायचं, बरी होऊ दे, मग सांगू.

तर, तीन आठवड्यांपूर्वी प्राची आमच्याकडे आली. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये हळदीचे डान्स. म्हणाली, "आत्या, हे बघ. सगल्या व्हिडिओत नवरीच्या बाजूला तिची आई असते. माझ्या बाजूला कोन?"

"मावशी आहे की."

"तिला दोन पावलांत दम लागतो. मला तू पायजेस. नायतर डान्स कॅन्सल करते. टेन्शन नको घेऊ, मला काय वाटनार नाय."

हे सगळं हसत हसत. तू गेल्यापासून ही पोरगी सगळंच हसत हसत बोलते, आणि ते हसू ओठांच्या वर काही जात नाही. मी "बघू" म्हणाले आणि दोन दिवस बघतच बसले. मुख्याध्यापिका काय म्हणतील? पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ गेला तर? पण खरं सांगू? ही सगळी कारणं वरवरची होती. ज्याला मी थेर म्हणाले, तेच करायला मी तुझ्या जागेवर कुठल्या तोंडाने उभी राहू, ही खरी अडचण होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम वाटलं, आपण लाजत बसलो आणि पोरीच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर हे कसलं शहाणपण? हातातली मेथी टाकली आणि फोन लावला.

मग सुरू झाला सराव! स्वयंपाकघराला आतून कडी, प्राचीने पाठवलेला डान्सचा व्हिडिओ लावून मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. बाहेरून आमचे हे, "काय पडलं गं?" मी, "डबा!" रोज काहीतरी पडत होतं, रोज तो डबाच होता. पण वहिनी, मजा आली गं! दुसऱ्या आठवड्यात तर मी फळ्यावर लिहिता लिहिता मनात आकडे मोजत होते.

पोरींना व्हिडिओसाठी उजेड हवा म्हणून हळद भर दुपारी ठेवलेली. त्यावर मी कुरकुरले, ते सोड. गाणं लागलं. पहिल्या चार स्टेप एकदम झकास! पाचव्या स्टेपला सगळ्या गर्रकन उजवीकडे वळल्या आणि मी डावीकडे. थेट प्राचीवर आदळले! माझा गॉगल हळदीच्या ताटात.

झालं होतं असं, की व्हिडिओतली मुलगी आपल्याकडे तोंड करून नाचते. ती जिकडे वळायची, तिकडे मी वळायचे. म्हणजे तिचं उजवं ते माझं डावं! सव्वीस वर्षं पोरांना कवायतीत हेच ओरडून सांगत आले, आणि स्वतःच्या वेळी अक्कल गहाण पडली.

 वाटलं, तुझ्या जागेचा पार विचका केला मी. प्राची माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. नेहमीसारखं नुसतं ओठांनी नाही, पोट धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली! आणि ओरडली, "आत्याकरं वला गो सगल्या!" पुढच्या फेरीला अख्खी रांग डावीकडे वळली. मला कुणी दुरुस्त केलंच नाही गं. शेवंती आणि तिच्यामागे मार्केटातल्या सगळ्याजणी, हातवारे करत, माझ्याकडे तोंड करून! किती आनंद झाला मला, कसं सांगू? तेव्हा कळलं तू या सगळ्या नव्या खुळांमागे का धावत होतीस.

व्हिडिओ अर्थातच गावभर झालाय. मुख्याध्यापिकांचा "वा मॅडम!" असा निरोप आला. आता सोमवारी कुठल्या तोंडाने मोबाइल जप्त करू, तूच सांग!

म्हणून काही मी प्रत्येक लाटेवर स्वार होणार नाही, बरं का. आजचंच बघ. पोरींनी ठरवलंय, पाठवणीला कुणी रडायचं नाही. हल्ली नवरी नाचत निघते म्हणे. तेही गाणं ठरलंय, स्टेपही ठरल्यात. काल नाच संपल्यावर मी प्राचीला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, नाचायला मी हजर आहे. पण रडू आलं तर मी रडणार."

"आत्या, तू रडलीस तर मी पन रडंन. मेकअप जाईल."

"जाऊ दे की."

 ती हळूच म्हणाली, "कुनीतरी हे बोलायलाच पायजे होतं." तू गेल्यापासूनच्या दीड वर्षात पहिल्यांदा, वहिनी, तिचा चेहरा हसरा नव्हता. माझा हात मात्र तिने बराच वेळ धरून ठेवला.

तर हे वचन घे. यापुढे नवीन काही आलं, तर ते शोभतं का हे विचारायच्या आधी त्यात कोण कोण आहे ते विचारीन. आणि आज लेक गाडीकडे निघेल तेव्हा तिच्या शेजारी मी असेन. गाणं वाजत असलं तरी तिला जवळ घेईन, आणि आम्ही दोघी तुझ्या नावाने पोटभर रडू.

तुझी,
सुनंदा