कॅलिफोर्नियातली आई

१ ऑगस्ट, सकाळी ६.४०
आजपासून फिलिपिन्सभर भाषा-महिना. निश्चय लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाहीत. महिनाभर शक्य तिथे आपली तागालोग भाषाच बोलायची. गोरेपणाचा पपईचा साबण बंद. जेवायचं हाताने. आणि ऑफिसात कोणी ‘पेज’ या अमेरिकन नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. माझं नाव पेर्लिता माग्सिनो आहे. कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांना अमेरिकन उच्चार शिकवते म्हणून मी अमेरिकन होत नाही.
खूप हलकं वाटतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
साबणाची अर्धी वडी उरली आहे. फेकणं हा माज झाला, आणि माज आपल्या संस्कृतीत बसत नाही. संपेपर्यंत वापरीन. (पाकिटात आणखी दोन निघाल्या.)
‘पेज’ला अकरा वेळा ओ दिली. हाक मारणाऱ्याचा अपमान करणंही आपल्यात बसत नाही.

४ ऑगस्ट
आमच्या बॉस, मॅम त्रिक्सी, यांनी २२ तारखेचा फिलिपिनो दिन माझ्यावर सोपवला. अमेरिकेहून ग्रेग साहेब येणार आहेत. त्यांच्याच कंपनीचे फोन आमची मुलं घेतात. केटररने तळलेलं चिकन आणि स्पॅगेटी सुचवली होती. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. आधी स्पेनने राज्य केलं, मग अमेरिकेने, आता निदान ताटात तरी आपला देश असू द्या, असं बोलले. केळीची पानं, व्हिनेगर-लसणात शिजवलेल्या मांसाचा आदोबो, तळलेले मासे, सगळ्यांनी एका पंगतीत हाताने जेवायचं. टाळ्या झाल्या.
भाषण इंग्रजीत झालं. मॅम त्रिक्सी सेबूच्या आहेत, त्यांना तागालोगपेक्षा इंग्रजी जवळचं. मी त्यांच्या प्रांताचा मान राखला.

५ ऑगस्ट
जेवण नानायकडूनच करून घ्यायचं. सुचवलं माझ्या मोठ्या भावाने, कुया नेस्तोरने, आपली प्रवासी गाडी, जीपनी, पुसता पुसता. आमच्या आईची, म्हणजे नानायची, मारिकिनात बुटांच्या कारखान्यासमोर चार टेबलांची खानावळ आहे. त्या आदोबोवर मी कॉलेज केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझा काळ्या टोपीतला फोटो तिने बाळयेशूच्या बाजूला टांगला आहे, आणि गिऱ्हाईक नवं असलं की भाताआधी फोटो वाढते.
ती इतकी खूश झाली की तिने भाताचं झाकण उलटं ठेवलं. म्हणाली, तुझं ऑफिस एकदाचं बघायला मिळेल.
तीन वर्षं झाली. खरंच कधी नेलं नाही. वेळच मिळाला नाही.

९ ऑगस्ट
एक गोष्ट इथे नोंदवते. रोजनिशीत तरी सगळं स्वच्छ असावं.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मॅम त्रिक्सींनी विचारलं, इतका छान उच्चार कुठून आणलास? मी म्हटलं, आईकडून. हे अक्षरशः खरं आहे. खानावळीत टीव्हीवर दिवसभर अमेरिकन मालिका चालायच्या आणि नानाय त्या बंद करू द्यायची नाही. त्या म्हणाल्या, ओ, शी इज इन द स्टेट्स? मी तेव्हा पाणी पीत होते. कॅलिफोर्निया? त्यांनीच विचारलं. तोंडात पाणी असताना माणूस मानच हलवणार.
नर्स हे मी म्हटलं. पण सहज.
नाताळात ऑफिसात ‘फ्रॉम मॉम’ म्हणून चॉकलेटं वाटली, तीही सहज. इथल्याच पासिगच्या मॉलमधून आणली होती.
आता याचा शेवट करायचा आहे, आणि तो सुंदर होणार आहे. २२ तारखेला स्टेजवर नानायचा हात धरून मी तागालोगमध्ये सांगीन: ही माझी आई, मारिकिनाची, हिच्या कढईतून मी आले. लोक उभे राहतील. मॅम त्रिक्सींच्या डोळ्यांत पाणी येईल. माझ्याही येईल, रुमाल जवळ ठेवीन.

१३ ऑगस्ट
आज चाळीस मुलांना ‘मानो’ शिकवला. घरी सगळेच करायचे, इथे सगळे विसरले. मोठ्या माणसासमोर वाकायचं, त्याचा हात आपल्या कपाळाला लावायचा, तो आशीर्वाद देतो. वडीलधारी मी झाले. चाळीस कपाळं लागून हाताचं मॉइश्चरायझर गेलं. ग्रेग साहेबांनीही व्हिडिओ कॉलवर सराव केला, त्यांच्या बायकोच्या हातावर. मी सगळ्यांना बजावलं की त्या दिवशी हॉलमध्ये जे कोणी वयाने मोठं असेल, शिपाई असो, साहेब असो, त्याचा हात घ्यायचा. माणूस बघायचा, हुद्दा नाही.
स्वतःचंच बोलणं ऐकून अंगावर काटा आला.

१५ ऑगस्ट
खानावळीत गेले. नानायला गोड स्पॅगेटी करायची आहे, वर लाल सॉसेजचे तुकडे घालून. मी समजावलं की हा अमेरिकेचा प्रभाव आहे, आपण स्वतःला विसरत चाललोय.
ती म्हणाली, “तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला तीच केली. तेव्हा नाही विसरलीस स्वतःला, दोनदा मागून खायचीस.”
मी विषय बदलला. काय घालून येणार, विचारलं. माझ्या पदवीदानाला घातलेला निळा ड्रेस काढून ठेवलाय म्हणाली. मी म्हटलं, नको, रोजचा गाऊन आणि एप्रन घाल, जशी आहेस तशीच ये, तेच खरं. ती लसूण सोलत राहिली.
कुया म्हणाला, “चूलही घेऊन येऊ का? स्टेजवर फुंकेल ती. साहेबाला फोटो चांगला मिळेल.”
कुया शिकला नाही, त्यामुळे त्याला प्रतीक म्हणजे काय ते कळत नाही.

१८ ऑगस्ट
हाताने जेवायचा सराव. भात अंगठ्याने ढकलायचा हे माहीत होतं, पण माझा भात मनगटापर्यंत गेला. नानायनेच लहानपणी चमच्याकाट्याची सवय लावली होती, मोठ्या ऑफिसात लाज वाटू नये म्हणून. त्यामुळे दोष कुणाचा ते उघड आहे. शिवाय कालच नखं करून घेतली आहेत. चमच्याने जेवले.
स्टेजवरचं भाषण तागालोगमध्ये लिहायला बसले, पण मोठे शब्द आठवेनात. आधी इंग्रजीत लिहिलं, मग तागालोगमध्ये उतरवलं.
कुयाने सांगितलं की नानाय गेले दोन दिवस भांडी घासताना एक इंग्रजी वाक्य पाठ करते आहे. ‘गुड आफ्टरनून सर, आय ॲम द मदर ऑफ पेर्लिता.’ मी लगेच फोन करून सांगितलं, फिलिपिनो दिन आहे, त्या दिवशी इंग्रजी अजिबात नको. तत्त्वाचा प्रश्न आहे.
तत्त्वाचाच आहे.

२१ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. दोनशे लोकांसमोर तिला अचानक उभं करणं हा तिच्यावर अन्याय होईल. ती बुजेल. स्टेजपेक्षा जेवणानंतर, चार जवळच्या माणसांत सांगणं जास्त हृद्य होईल. यात पळवाट काही नाही. उलट याला जास्त धैर्य लागतं.

२२ ऑगस्ट, सायंकाळी ५.१५
झालं ते क्रमाने लिहिते.
अकराला कुयाची जीपनी आली. नानायने निळा ड्रेसच घातला होता, वरून एप्रन. केस ओले करून विंचरलेले. मी भाड्याच्या फुगीर बाह्यांच्या पोशाखात होते, दारातून जाताना तिरकं व्हावं लागत होतं. ती माझ्याकडे बघून हसली, हात पुसला आणि माझ्याकडे यायला निघाली.
तेवढ्यात बाजूला मॅम त्रिक्सी. विचारलं, आणि या कोण?
“द केटरर,” मी म्हणाले.
खोटं नाही ते. जेवण तिनेच आणलं होतं.
नानाय थांबली. हा इंग्रजी शब्द तिला येतो, कार्यक्रमाच्या चिठ्ठीवर होता.
मॅम त्रिक्सी फार मनमिळाऊ आहेत. पानं मांडेपर्यंत तिच्याशी गप्पा मारत बसल्या. आमच्या पेजने एकटीने सगळं उभं केलं, तिची मॉम कॅलिफोर्नियात नर्स आहे, तिने आज बघायला हवं होतं. मी दोन हात अंतरावर उभी होते. नानायच्या हातात डाव होता. तो तिने पातेल्यात सावकाश ठेवला.
“हो का?” ती म्हणाली. “मग पोरीने आईचं नाव काढलं म्हणायचं.”
माझ्याकडे बघितलं नाही.
मग ग्रेग साहेब आले. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, सगळ्यात वडीलधारी तीच दिसली. सरळ गेले, साडेसहा फुटांचा माणूस कमरेत वाकला आणि तिचा हात कपाळाला लावला. नानाय म्हणाली, “गुड आफ्टरनून, सर. आय ॲम,” आणि गप्प झाली. मग तागालोगमध्ये म्हणाली, देव तुझं भलं करो.
त्यांचं पाहून माझी चाळीस मुलं रांगेत लागली. मीच शिकवलं होतं. एकेक वाकतंय, तिचा हात उचलतंय, आणि ती प्रत्येकाला, देव भलं करो, देव भलं करो. कुणीतरी रडलं. माझ्या हातात नियोजनाचा कागद होता, मी त्यावर खुणा करत होते. कशाच्या, माहीत नाही.
रांग संपली तेव्हा मॅम त्रिक्सी म्हणाल्या, पेज, तूही कर, फोटोसाठी.
मी वाकले. हाताला व्हिनेगर आणि लसणाचा वास होता. कपाळाला लावला. कॅमेऱ्याचा उजेड पडला. आशीर्वादाची वाट बघत वाकूनच राहिले.
“मॅडम,” नानाय म्हणाली, “भात कमी पडला तर सांगा. गाडीत आणखी एक पातेलं आहे.”
नंतर स्टेजवर मॅम त्रिक्सींनी माझ्या हातात माइक दिला. तुझ्या मॉमसाठी दोन शब्द, व्हिडिओ तिला पाठवू. मी दोन शब्द बोलले. इंग्रजीत. शेवटच्या रांगेमागे नानाय उष्टी पानं गोळा करत होती. पानं काखेत धरून तिने टाळ्या वाजवल्या.
‘चार जवळची माणसं’ जेवणानंतर सापडली नाहीत. सगळे पांगले होते.

२३ ऑगस्ट
खानावळीत गेले नाही. घसा बसला आहे.

२४ ऑगस्ट
घसा.
साबणाची नवी वडी काढली.

२५ ऑगस्ट
कुया दाराशी आला, आत आला नाही. ओरडेल वाटलं होतं, उत्तरंही तयार होती. ओरडला नाही. म्हणाला, नानाय काही बोललेली नाही, फोटोही तसाच टांगलेला आहे. फक्त एकच विचारत होती, कॅलिफोर्नियात आणि इथे किती तासांचा फरक पडतो.
मी विचारलं, कशाला?
म्हणाला, “तुला ऑफिसात फोन करायचा तर तिकडची नर्स कुठल्या वेळेला करेल, ते बघून करीन म्हणते. नाहीतर पोर पकडली जाईल.”
मी त्याला पंधरा-सोळा तास सांगितलं. नक्की आकडा ऋतूवर अवलंबून असतो. हेही समजावून सांगितलं.

२९ ऑगस्ट, दुपारी
ग्रेग साहेबांना आदोबो इतका आवडला की दर महिन्याला जेवण मारिकिनाच्या त्याच बाईकडून घ्यायचं ठरलं. पुरवठादाराचा अर्ज भरून घेण्याचं काम समन्वयक म्हणून माझ्याकडे आलं. अर्ज पाहिला आणि खरंच आनंद झाला. नवव्या क्रमांकाला विचारलं आहे: आपले कोणी नातेवाईक या कंपनीत काम करतात का? असल्यास नाव व नाते. म्हणजे स्टेज नको, भाषण नको, कागदावर एक ओळ. आपोआप सगळं सरळ होईल. तिच्या अक्षरात व्हावं म्हणून मी काही न सांगता अर्ज तिच्यासमोर ठेवला आणि सरबत प्यायला बाहेर गेले.
परत आले तेव्हा ती चष्मा पुसत होती. सगळं मोठ्या छापील अक्षरांत, ओळीबाहेर न जाता भरलेलं. आडनावाच्या जागी माग्सिनो नव्हतं, तिने माहेरचं घातलं होतं, काबिग्टिंग. नवव्या क्रमांकासमोर लिहिलं होतं, कोणीही नाही.
“बरोबर भरलंय ना?” तिने विचारलं. “बघ एकदा. तू शिकलेली आहेस.”
मी पाहिलं. खाली समन्वयकाच्या सहीची जागा होती: वरील माहिती मी तपासली असून ती खरी आहे.
बरोबर आहे म्हटलं. सही केली आणि अडीचच्या आत जमा केला.