कापडाला टाचलेला बोर्डिंग पास

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू अजून फुगलेली आहेस, ठाऊक आहे. तरी लिहिते. सकाळी सहाचं विमान नऊ तास लेट झालं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू एकटी आत गेलीस. वर तुझं म्हणणं, धाकटीला कारणं बरी सुचतात!

कंपनीकडे भरपाई मागितली, तर म्हणे हवा खराब होती, सबब काही मिळणार नाही. लख्ख ऊन होतं गं! बाकीची विमानं भराभर उडत होती. मी सोडणार नाही. माझा टाका उसवला तर गिऱ्हाईक मला सोडतं का?

पण आता माझंच शहाणपण ऐक. पुरावा म्हणून बोर्डिंग पास हवा. त्याच्या पाठीवर मी प्रत्येक घोषणा वेळेसकट टिपली होती. तुझ्याकडे आल्यावर त्याच्याच कोपऱ्यात तुझ्या गाउनची मापं लिहिली आणि सवयीने कापडाला टाचून ठेवला. हसू नकोस, पास धाड.

लोभ आटला असेल, तर तळाशी उरलेला तरी असू दे.

तुझी धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कापड रागाने कपाटावर फेकलं होतं, ते आज काढलं. धन्य आहे तुझी! पास सोबत पाठवते आहे.

त्याच्या पाठीवरचं सगळं भिंग लावून वाचलं. साडेसहा, चाकात बिघाड. साडेदहा, वैमानिकाची ड्यूटी संपली, दुसरा येतोय. हवेचं नावसुद्धा नाही. आणि मध्येच नऊ वाजता लिहिलंयस, ताईला आत नेलं असेल, हात गार पडले असतील तिचे.

पडले होते गं. चुकलं माझं.

आता गप्प बसलीस तर मात्र खरंच बोलणार नाही. वरच्या अधिकाऱ्यापर्यंत जा आणि चांगली भांड.

लोभ होताच, रुसून बसला होता इतकंच.

तुझी ताई


८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! तक्रार अधिकाऱ्याने कंपनीच्या नोंदी मागवल्या, वेळा मिनिटाला जुळल्या. भरपाई मिळालीच, पण ‘चूक आमची होती’ असंही कंपनीकडून लेखी घेतलं. ते पत्र सोबत आहे, भिंतीवर लाव. तुझी मापं मात्र पासाबरोबर त्यांच्या फायलीत गेली, पुन्हा घ्यावी लागतील.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बावीसला ना? गेल्या वेळी आदल्या दिवशी ये म्हणालीस, तर मी शिलाईची कामं पुढे केली. ते माझंच चुकलं. भरपाईच्या पैशातून एकोणीसचं तिकीट काढलंय. आता विमान दोन दिवस लेट होऊ दे, तुझे हात गार पडायच्या आत मी पोचते.

लोभ भेटीत मोजून घेईन, टेप घेऊनच येते.

तुझी धाकटी